दोन हजार मीटरला चाळीस सेंटिमीटर कमी

सेराइनाचं घड्याळ आल्प सुराला, डोंगरावरच्या उन्हाळी कुरणावर, पोहोचलं ते नेमकं धारा काढायच्या वेळेला, त्यामुळे त्याच्या स्वागताला गाईंखेरीज कोणी आलं नाही. धरणाच्या रस्त्यानं ट्रॅक्टरमागे बांधून आणलेला पांढरा ट्रेलर चीजघरासमोर उभा राहिला आणि गोठ्याबाहेर आपली पाळी येण्याची वाट बघणाऱ्या गाई त्याच्याभोवती जमल्या. कळपाची म्होरकी बेलुना हिनं दाराची कडी चाटून पाहिली, ती काही पसंत पडली नाही, तरी जागा सोडली नाही.

सेराइना ट्रॅक्टरवरून उतरली तेवढ्यात तिची मेंजा आत्या हात पुसत बाहेर आली. आल्प सुरावर दर उन्हाळ्यात चीज करणारी ही बाई सत्तरीला टेकली होती, पण दुधाचा चाळीस लिटरचा कॅन अजून स्वतः उचलायची आणि दुसऱ्यानं उचलू लागलेलं तिला चालत नसे.

"एवढं मोठं? मला वाटलं मनगटावर बांधून येशील."

"आत लेझर आहेत आत्या. पंप आहेत. आणि मधोमध स्ट्रॉन्शियमचे अणू. चिमटीत सापडणार नाहीत इतके थोडे."

"दिसतात?"

"निळा ठिपका दिसतो."

"ठिपक्यासाठी एवढा गोठा!" आत्यानं ट्रेलरला एक फेरी मारली. "थंडी सोसते का?"

"नाही. आत कायम बावीस अंश लागतात. जरा इकडेतिकडे झालं की बिघडते चाल."

"म्हणजे माझ्या चीजच्या तळघरापेक्षा हिचे लाड जास्त. नाव काय?"

"नाव नाही. क्रमांक आहे."

"क्रमांकाच्या गाई मी पाळत नाही." आत्यानं ट्रेलरच्या पत्र्यावर थाप मारली. "फ्लुरिना. आणि ती जागा बेलुनाची आहे, तिला सांगून ठेव."

सेराइनाला हसू आलं. लहानपणीचे सगळे उन्हाळे तिनं इथेच काढले होते, चिखलात आणि चिकट दुधाच्या वासात. पुढे शिक्षणासाठी ती परदेशी गेली, मग नोकरी लागली, आणि आल्प सुरा फोटोंपुरता उरला. आता ती परत आली होती, पण सुट्टीवर नव्हे.

काम सांगायला सोपं होतं. खाली मैदानी भागात तिच्या संस्थेत अगदी असंच, याच चालीचं दुसरं घड्याळ होतं. ते तिथे राहणार, हे इथे. धरणाच्या कंपनीनं आपली काचेची तार वापरायला दिली होती. तिच्यातून दोन्ही घड्याळांचा प्रकाश एकमेकांशी ताडून बघायचा. पृथ्वीच्या वस्तुमानाजवळ काळ सावकाश चालतो, दूर गेलं की भरभर. घड्याळ नव्हे, काळच. वरचं घड्याळ खालच्याच्या पुढे किती पळतं हे मोजलं, की ते किती उंचीवर उभं आहे हे सांगता येतं. फरक दिवसाला सेकंदाच्या अब्जाव्या भागांपैकी चौदा-पंधराचा. सेराइनाचं घड्याळ तेवढ्यातही एखाद्या वीतभर उंचीचा फरक ओळखेल, असा तिचा दावा होता.

दाव्याला सहा वर्षं झाली होती. प्रयोगशाळेच्या भिंतीआड घड्याळ अचूक चालतं, याचं कौतुक आता कोणाला उरलं नव्हतं. ट्रेलरमधून डोंगरावर नेलेलं घड्याळ मोजणी खात्याच्या उंचीशी जुळतं का, एवढंच लोकांना हवं होतं. जुळलं तर ट्रेलर देशभर फिरणार. नाही जुळलं तर संस्थेचे प्रमुख हुन्झिकर तो मोडीत काढणार होते. लेझर कोणाला द्यायचे, पंप कोणाला, हे त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं होतं, आणि ते सेराइनाला ठाऊक होतं. मुदत शनिवारपर्यंत. शनिवारी गाई डोंगर उतरणार, आल्प बंद होणार आणि धरणवाल्यांना त्यांची तार परत हवी होती.

दुसऱ्या दिवशी मोजणी खात्याचे वीडरकेर आले. पँटला इस्त्रीची घडी, खांद्यावर तिपाई आणि काखेत भलीमोठी छत्री. छत्री दुर्बिणीसाठी, उन्हानं तिचा धातू फुगू नये म्हणून. स्वतः ते उन्हात उभे राहिले.

आत्यानं हात पुढे केला. "मी मेंजा. दोन हजार मीटरच्या वर सगळ्यांनी एकमेकांना तू म्हणायचं, डोंगराचा नियम आहे. तुझं नाव?"

"नियम मला मान्य आहे, बाई," वीडरकेर म्हणाले. "पण ही पायरी एक हजार नऊशे नव्व्याण्णव मीटर साठ सेंटिमीटरवर आहे. चाळीस कमी पडतात."

"मग स्टुलावर उभे राहा!"

"उतरल्यावर पुन्हा अहो-जाहो करावं लागेल. त्यात गोंधळ होईल."

चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. हा माणूस विनोद करतो की नियम पाळतो, हे सेराइनाला कळेना.

मग त्यांची नजर दारातल्या पायरीकडे गेली. काळ्या दगडाच्या त्या लांबलचक पायरीत, उजव्या टोकाला, खात्याची पितळेची खूण बसवलेली होती. गोल डोक्याची, अंगठ्याएवढी, आरशासारखी लखलखीत. समुद्रापासूनची उंची त्या डोक्यावर मोजलेली. वीडरकेरांनी टोपी काढली.

"बाई, मी आयुष्यभर खुणा बघत आलोय. कुठे वर गवत उगवलेलं, कुठे कोणी कुत्रं बांधलेलं. अशी खूण मी पाहिली नाही."

आत्या खुलली. "दर रविवारी ताकानं घासते. तुमच्या खात्याचा माणूस माझ्या सासूबाईंना सांगून गेला होता, काहीही होवो, ही खूण सांभाळा. सांभाळली."

"दिसतंय," वीडरकेर म्हणाले आणि छत्री उघडून कामाला लागले. खुणेपासून ट्रेलरपर्यंतची उंची त्यांनी जाताना मोजली, येताना मोजली आणि जेवणापूर्वी पुन्हा एकदा मोजली.

जेवायला पिझोकल होते, पिठाचे उकडलेले तुकडे, चीज आणि परतलेल्या कांद्यात लडबडलेले, आणि ताक. आत्यानं तिघांच्या थाळ्या भरल्या.

"आता मला सांग," ती सेराइनाला म्हणाली, "वर काळ भरभर चालतो म्हणतेस. मग मी इथे पन्नास उन्हाळे काढलेत. मी किती लवकर म्हातारी झाले?"

"खाली माझ्याकडे राहिली असतीस त्यापेक्षा? फक्त उन्हाळे धरले तर सेकंदाचा पंधरा हजारावा भाग."

"तरीच!" आत्यानं गालावरून हात फिरवला. "आरशात जाणवत होतं. पण का?"

"खाली पृथ्वी जवळ आहे. वस्तुमान जवळ असलं की काळ सावकाश होतो."

"तेच विचारतेय मी. वस्तुमान पडलंय बापडं आपल्या जागी. त्यानं काळाचं काय घोडं मारलंय?"

वीडरकेरांनी काटा खाली ठेवला. या प्रश्नाचं उत्तर त्यांनाही हवं होतं, पण चारचौघांत विचारायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

सेराइनानं खिडकीबाहेर पाहिलं. भिंतीला गवताची घसरगाडी टेकवून ठेवलेली होती. उन्हाळ्यात कापलेलं गवत तिच्यावर रचून उतारावरून खाली आणायचं. खाली लाकडाच्या दोन पट्ट्या, पुढे पाय रोवून बसलेला माणूस.

"घसरगाडी सरळ चाललीय," ती म्हणाली, "आणि डावी पट्टी ओल्या गवतात शिरली. काय होतं?"

"डावीकडे वळते. टुमाश एकदा थेट ओढ्यात गेला होता." टुमाश म्हणजे आत्याचा नवरा, आता नसलेला. "गाडीवर बटाट्याची पोती होती. अजून सापडतात तिथे बटाटे."

"कोणी ढकललं का गाडीला डावीकडे?"

"कोण ढकलणार? एक बाजू मंद झाली, दुसरी आपल्या वेगानं चालली. वळणारच."

"बस. आपण सगळे काळातून पुढे घसरतोय. मी, तू, हा पेला. पेल्याच्या बुडाशी काळ किंचित मंद आहे, काठाशी किंचित जलद. मंद बाजूकडे त्याची वाट वळते. मंद बाजू खाली आहे, म्हणून खाली. हात सोडला की पेला पडतो तो असा. कोणी ओढत नाही. तो आपल्या मते सरळच चाललाय."

आत्या पेल्याकडे बघत राहिली. मग तिनं तो उचलला, टेबलावरून चार बोटं वर धरला आणि परत ठेवला.

"म्हणजे पडणं हे आधी नाही. काळ मंद होणं आधी."

"इथे, डोंगरावर, जवळजवळ सगळं तेच आहे."

"बरं. ओलं गवत म्हणजे मंद काळ. गवत ओलं केलं ते पृथ्वीनं. कसं?"

"चीजला साल असते. ती कोण चढवतं?"

"चढवत कोणी नाही. चीज आहे म्हणून साल धरते. साल नसलेलं चीज तळघरात ठेवून दाखव मला."

"तसंच. आधी वस्तुमान आलं आणि मग त्यानं हात लांबवून काळ वाकवला, असं नाही. जिथे वस्तुमान, तिथे अवकाश आणि काळ वाकलेलेच असतात. किती वाकतात, ते आम्ही शेवटच्या आकड्यापर्यंत सांगतो. जग असंच का ठरलं, दुसरं काही का नाही, ते आजवर कोणी सांगितलेलं नाही."

"म्हणजे तुलाही माहीत नाही."

"नाही."

"छान. एवढं शिकून खरं बोलतेस," आत्या म्हणाली आणि तिच्या थाळीत न विचारता आणखी पिझोकल वाढले. "काय वीडरकेर साहेब, पटलं का?"

"मी उंची पाण्याच्या बुडबुड्यानं मोजतो, बाई," वीडरकेर म्हणाले. "बुडबुडा मधोमध आला की मी खुश. पण तो मधोमध का येतो, हे आज पहिल्यांदा कळलं." आणि त्यांनी स्वतःहून थाळी पुढे केली.

बुधवारी पहिला आकडा आला.

सेराइनानं तो पाहिला, ट्रेलरचं दार लावून घेतलं आणि पुन्हा पाहिला. घड्याळ हवं त्यापेक्षा जलद चालत होतं. थोडंथोडकं नव्हे, वितीवितीनं ओळखणाऱ्या यंत्रानं अर्ध्या मीटरहून मोठी चूक केली होती. घड्याळाचं म्हणणं खरं मानायचं तर ट्रेलर खात्याच्या उंचीपेक्षा बराच वर, हवेत तरंगत होता.

तिनं हुन्झिकरांना फोन केला. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"ट्रेलरच्या प्रवासात काहीतरी सरकलं असेल," ते शांतपणे म्हणाले. "होतं असं. शनिवारपर्यंत बघा. नाही सापडलं तर आपण हे प्रकरण सन्मानानं मिटवू."

सेराइनानं फोन ठेवला आणि आत्याला हाक मारली.

मग शोधाशोध सुरू झाली. पहिला संशय घंटांवर. गाईंच्या गळ्यातल्या घंटांनी ट्रेलर थरथरत असेल, म्हणून आत्यानं सगळ्या घंटांत गवत कोंबलं. त्या दुपारी आल्प सुरावर अशी शांतता पसरली की बेलुना बावरून आपल्याच गळ्याकडे बघत राहिली. आकडा हलला नाही. दुसरा संशय चीजच्या कढईवर, तिच्या जाळाची धग ट्रेलरच्या पत्र्याला लागत असेल. आत्यानं कुरकुर न करता सकाळचं चीज दुपारी केलं आणि चव बिघडली तर फ्लुरिनाचं नाव सांगेन म्हणाली. आकडा तिथेच. सेराइनानं लेझर तपासले, चुंबकं तपासली, काचेची तार दोन्ही टोकांनी तपासली. घड्याळ आपलं म्हणणं सोडायला तयार नव्हतं.

"उपग्रहावरून बघता येईल?" तिनं वीडरकेरांना विचारलं.

त्यांनी मागच्या उभ्या कड्याकडे हात केला. अर्धं आकाश त्यानं झाकलं होतं. "इथे उपग्रहावर विसंबून मी भाकरसुद्धा मोजणार नाही. डॉक्टरबाई, वाईट वाटून घेऊ नका. माझी मोजणी खुणेपासून ट्रेलरपर्यंत मिलिमीटरला मिलिमीटर बरोबर आहे. आणि ती खूण म्हणजे अख्ख्या जिल्ह्यातली सर्वांत चांगली राखलेली खूण आहे."

ते खोटं बोलत नव्हते. तेच तर अवघड होतं.

गुरुवारी दुपारी सेराइना पाव आणि चीजचा तुकडा घेऊन बाहेर आली. दारासमोर दोन नव्या पायऱ्या होत्या, त्यांच्या वर ती जुनी काळी पायरी. पायऱ्यांवर दुधाचे कॅन वाळत होते, म्हणून ती काळ्या पायरीच्या डाव्या टोकाला, उन्हाच्या बाजूला, पाय खाली सोडून बसली. तिची लहानपणची जागा तीच. सात वर्षांची असताना ती इथेच बसून गरम दूध प्यायची आणि पाय खालच्या चिखलात रुतवून ठेवायची. मग त्या पायांनी आत आली की आत्याची बोलणी खायची.

तिनं पावाचा घास घेतला. पाय हलवले. टाचा भिंतीच्या दगडावर आपटल्या.

ती चावायची थांबली.

सात वर्षांची असताना तिचे पाय जमिनीला टेकायचे.

तिनं खाली पाहिलं. चाळिशीची, चांगली उंच बाई ती, आणि तिचे बूट जमिनीपासून हातभर वर लोंबकळत होते.

"आत्या!" ती ओरडली. "आत्या, बाहेर ये! वीडरकेर साहेब, तुम्ही पण!"

आत्या कढईतला डाव हातात घेऊनच धावली. "काय झालं? फ्लुरिना पेटली?"

"मी इथे बसायचे तेव्हा माझे पाय चिखलात जायचे. जायचे ना?"

"जायचे म्हणजे! माझी फरशी अजून विसरली नाही."

"मग आता का पोचत नाहीत?"

आत्यानं तिच्याकडे असं बघितलं, जणू शिकून शिकून पोरीचं डोकं हललं. "कसे पोचतील? घर नवीन आहे. तू परदेशी होतीस त्या हिवाळ्यात वरून हिमलोट आला आणि जुनं चीजघर घेऊन गेला. कळवलं होतं तुला."

"कळवलं होतंस. त्याच जागी पुन्हा बांधलं म्हणाली होतीस!"

"त्याच जागी. फक्त पाया जरा उंच घेतला, बर्फ दारात साचू नये म्हणून."

वीडरकेरांच्या हातातली छत्री हळूहळू खाली आली. "बाई," ते अत्यंत सावकाश म्हणाले, "आणि ही पायरी?"

आता आत्याचा चेहरा अभिमानानं उजळला. "ती हिमलोटानं खाली ओढ्यापर्यंत नेली होती. बर्फ वितळल्यावर टुमाशनं आठवडाभर ढिगारा उपसला. लोक म्हणाले दुसरा दगड घाल. तो म्हणाला, खात्याला शब्द दिलाय, काहीही होवो, सांभाळू. चौघांनी खांद्यावर वर आणली, नव्या दारात बसवली, खूण उजव्या हाताला, पूर्वी होती तशीच. आणि पाणसळ लावून बसवली हं. केसाइतकीसुद्धा तिरकी नाही."

दूर एक गाय मुकी घंटा हलवत गेली.

"बाई, सांभाळा म्हणजे... हलवू नका, असा त्याचा अर्थ होता."

"आम्ही कुठे हलवली? हिमलोटानं हलवली. आम्ही परत आणली."

वीडरकेर इस्त्रीच्या पँटसकट पायरीवर बसले. त्यांचे खांदे हलायला लागले. सेराइनाला वाटलं त्यांना काही होतंय. मग लक्षात आलं की ते हसताहेत. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी काढत, टोपीनं तोंड झाकून हसताहेत. ते बघून सेराइनाला हसू फुटलं, आणि दोघं का हसतात हे न कळता आत्याही डाव हलवत हसू लागली.

"म्हणजे माझं घड्याळ बरोबर आहे!" सेराइना म्हणाली. "ट्रेलर खरंच वर आहे! खूणच वर आलीय आणि आपण तिची जुनीच उंची धरली!"

वीडरकेर ताबडतोब गंभीर झाले. "पायरी उचलली, हे कळलं. किती उचलली, ते टुमाशनाच माहीत असणार. तुमचं घड्याळ पन्नास सेंटिमीटर म्हणत असेल आणि पायरी ऐंशी उचललेली असेल, तर ते चूकच."

हसू तिथल्या तिथे विरलं. तो माणूस बरोबर बोलत होता.

"धरणावर दुसरी खूण आहे, खडकात. ती कोणी सांभाळलेली नाही, त्यामुळे जागेवर असेल," वीडरकेर म्हणाले. "उद्या तिथून मोजत वर येऊ. एकेरीच मोजणी होईल, परतीची पुढच्या आठवड्यात करीन. मला हे आवडत नाही, पण करू. आणि डॉक्टरबाई, तुमचा नेमका आकडा मला सांगू नका. कळला तर माझी नजर त्याच्याकडे झुकेल."

शुक्रवारी उजाडताच ते धरणावर उतरले. वीडरकेर दुर्बिणीमागे, पुढे-मागे आकड्यांच्या उंच पट्ट्या धरून सेराइना आणि आल्पवरचा गुराखी. दुर्बीण मांडायची, मागची पट्टी वाचायची, पुढची वाचायची, उचलायची, दहा-वीस पावलं वर, पुन्हा मांडायची. छत्री त्यांच्याबरोबर चढत होती. एका वळणावर बेलुना आडवी आली आणि सेराइनाची पट्टी चाटू लागली. वीडरकेरांनी दुर्बिणीतून बघत गाईची जीभ पट्टीच्या कितव्या सेंटिमीटरवर आहे ते मोठ्यानं सांगितलं आणि ती हटेपर्यंत थांबले. घाई फक्त सेराइनाला होती. प्रत्येक मांडणीला तिला वाटे, ह्यातच गेलं ते. ह्या एका वाचनात सहा वर्षं इकडची तिकडे झाली.

ऊन कलायला लागलं तेव्हा शेवटची पट्टी काळ्या पायरीतल्या पितळी डोक्यावर उभी राहिली. आत्या दारात हाताची घडी घालून उभी होती. खूण आज मुद्दाम पुन्हा घासलेली होती.

वीडरकेरांनी वाचन घेतलं. बेरीज केली. पुन्हा केली. मग पेन्सिल खिशात ठेवून ते सरळ उभे राहिले.

"दोन हजार मीटर एकवीस सेंटिमीटर."

सेराइनानं आपला कागद पुढे केला. "घड्याळाच्या हिशेबानं ही खूण दोन हजार मीटर चोवीस."

"तीन सेंटिमीटर," वीडरकेर म्हणाले. त्यांनी ट्रेलरकडे पाहिलं. "एका निळ्या ठिपक्यानं. मला दिवसभर डोंगर चढावा लागला."

मग त्यांनी टोपी काढली, काखेत धरली आणि आत्यासमोर हात पुढे केला.

"रुएडी."

"काय?"

"माझं नाव. आपण दोन हजारांच्या वर आहोत."

आत्यानं हाताची घडी सोडून दोन्ही हातांनी तो हात धरला. "मेंजा! आता बोल, तुला भूक लागलीय की नाही?"

"लागलीय. आणि तू," रुएडी सेराइनाकडे वळला, "ते खोकं कोणाला मोडू देऊ नकोस. मला पुढल्या उन्हाळ्यात ते माझ्या सगळ्या खुणांवर फिरवायचंय. लोकांनी काय काय सांभाळून ठेवलंय, देव जाणे."

सेराइनानं हुन्झिकरांना फोन करून सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "पायरी? खांद्यावर उचलून आणली?" आणि पलीकडून, सेराइनानं त्यांच्याकडून पूर्वी कधी न ऐकलेला एक आवाज आला. हसता हसताच त्यांनी ट्रेलरसाठी पुढच्या तीन जागांची नावं सांगितली.

शनिवारी गाई उतरल्या. घंटांतलं गवत काढलेलं होतं आणि तीन दिवस गप्प राहिल्याचा सूड घेतल्यासारख्या त्या वाजत होत्या. हंगामात सर्वांत जास्त देणाऱ्या गाईच्या डोक्यावर फुलांचा मुकुट बांधायचा, ही तिथली रीत. आत्या मुकुट घेऊन बेलुनाजवळ गेली, तिच्या कानात काहीतरी सांगून समजूत घातली, दोन मोठी फुलं काढून तिच्या शिंगांना खोवली आणि उरलेला मुकुट ट्रेलरच्या पुढच्या कडीला बांधला.

"एकही गाय आजारी नाही, एकही पाय मोडला नाही, आणि माझी पायरी दोन हजारांच्या वर गेली," ती म्हणाली. "फ्लुरिनाचा मान आहे."

ट्रेलर बंद होता, निळा ठिपका विझलेला. तो गाईंच्या मागोमाग ट्रॅक्टरच्या चालीनं डुलत निघाला. सगळ्यांत मोठी घंटा रुएडीच्या खांद्यावर होती. ती त्याला कोणी दिली नव्हती, त्यानंच मागून घेतली होती. छत्री आत्यानं उघडून डोक्यावर धरली होती, आता दुर्बिणीला तिची गरज नव्हती.

कुरणाच्या फाटकापाशी रुएडी थांबला. घंटा खाली ठेवून त्यानं मागे चीजघराकडे पाहिलं, पुढे रस्त्याकडे पाहिलं.

"आता आपण एक हजार नऊशे ऐंशीवर आहोत," तो म्हणाला.

"मग?" आत्यानं छत्रीखालून विचारलं.

गाई पुढे गेल्या, मुकुटाची फुलं हलत हलत वळणाआड गेली.

"मग काही नाही," रुएडी म्हणाला आणि घंटा उचलली. "चल तू."